सांधेदुखी, दुखापत आणि हळुवार व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे शहापूर-वडगावचे विणकर येतात, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कामगार येतात, खानापूर-जांबोटीकडून भातशेती करणाऱ्या बायका येतात, निपाणीकडून विड्या वळणाऱ्या मावश्या येतात. दुखणं वेगवेगळं असलं तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. समोर बसून प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायला वेळ पुरत नाही, याची मला खंत आहे. म्हणून ही उत्तरं इथे लिहिते आहे.

गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणतात. मग चाललं तर उरलासुरला गुडघाही झिजणार नाही का?

नाही. ही भीती मनातून गेली की अर्धं काम झालं, म्हणून थोडं नीट सांगते.

गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. आस वापरला की झिजतो, आणि झिजला की बदलावा लागतो. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, जिवंत आहे. पण तिला रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न पोचतं ते सांध्यातल्या पाण्यातून. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की सुटते. ओल्या स्पंजासारखी ती पाणी सोडते आणि परत शोषून घेते. हालचाल थांबली की हे शोषणंही मंदावतं. म्हणून घरात बसून राहिलेल्या माणसाचा गुडघा जास्त आखडतो.

दुसरं, एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. फोटोत बरीच झीज दिसणारी माणसं रोज शेताला जाऊन येतात, आणि फोटो जवळजवळ स्वच्छ असलेल्यांना जिना चढवत नाही. फरक बऱ्याचदा मांडीच्या स्नायूत असतो. तो मजबूत असला तर भार तो पेलतो. तो वाळला की सगळा भार सांध्यावर पडतो. झीज भरून काढणारा व्यायाम माझ्याकडे नाही, पण मांडीचा स्नायू सत्तराव्या वर्षीही वाढवता येतो.

वजन जास्त असेल तर तेही बघा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

"दिवसभर राबतोय की मी! आणि वर कसला व्यायाम सांगतासा?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि विचारणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे असतात. तिला "व्यायाम करत नाही" असं म्हणणं अन्यायाचंच आहे. तरीही उत्तर द्यायलाच हवं.

राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात शरीर तेच ते, त्याच कोनात, थकवा आला तरी करत राहतं. रोप लावणीच्या दिवसांत बाई चिखलात तासन् तास कमरेतून वाकलेली असते. भांगलणीला उकिडवी बसून पुढे सरकत जाते, म्हणजे गुडघा पूर्ण दुमडलेला आणि त्यावर सगळं वजन. विड्या वळणारी मावशी मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसते. पान कातरणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, दिवसभर तीच दोन-चार बोटं आणि तोच अंगठा. यंत्रमागावरचा माणूस पाळीभर उभा. यांपैकी कुणाच्याही कामात गुडघा ताकदीने पूर्ण सरळ होत नाही, कंबर मागे वाकत नाही, खांदा डोक्याच्या वर जात नाही. काही स्नायू थकून जातात आणि त्यांच्या शेजारचे निजून राहतात.

व्यायाम म्हणजे त्या निजलेल्यांना उठवणं. त्याला वेगळी साडी, वेगळी जागा, तासभर वेळ काही लागत नाही. कामाच्या मधेच करा. भांगलताना दोन ओळी संपल्या की उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाचदा हळूच मागे वाका. विड्यांचा एक कट्टा झाला की मुठी दहा वेळा उघडा-मिटा, खांदे मागे फिरवा, पाय लांब करून गुडघे ताठ करा. याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि शक्य तिथे कामाची उंची बदला. भाजी चिरायला, भांडी घासायला खाली बसायच्या ऐवजी ओट्यावर उभं राहून किंवा स्टुलावर बसून करा. भांगलायला वीतभर उंचीचा पाट घेऊन बसलात तरी गुडघ्याचा दुमड कमी होतो.

गुडघ्यासाठी नेमकं काय करू?

हे चार. सकाळी अंग थोडं मोकळं झाल्यावर किंवा संध्याकाळी, जेव्हा जमेल तेव्हा.

पहिला: पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी वरून घट्ट झालेली हाताला जाणवली पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. श्वास कोंडू नका, आकडे मोठ्याने मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

दुसरा: पाठीवर झोपा. चांगला पाय गुडघ्यात दुमडा, दुखरा पाय सरळ ताठ ठेवून फूटभर उचला. पाच आकडे थांबा, सावकाश खाली आणा. धाडकन टाकला तर व्यायामाचा अर्धा फायदा गेला.

तिसरा, आणि माझा सगळ्यात आवडता: खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर, पुढे झुका, उठा, आणि बसताना सावकाश बसा. उठता येत नसेल तर खुर्चीवर वाकळ घडी करून ठेवा, बैठक उंच झाली की जमतं. दहा वेळा सहज जमू लागलं की वाकळेची एक घडी कमी करा. हा व्यायाम म्हणजे रोजचंच काम आहे. एसटीच्या बाकावरून उठणं, जाजमावरून उठणं, संडासातून उठणं, सगळं यातच आलं.

चौथा: दाराची चौकट धरून टाचा उचला, चवड्यांवर या, हळू खाली. दहा-पंधरा वेळा. तिथेच उभं आहात तर चौकटीवर हलका हात ठेवून एका पायावर दहा आकडे उभं राहा. साठीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळेच.

आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. रोज करायचं झालं तर पहिले दोन रोज करा, तिसरा-चौथा एक दिवसाआड.

व्यायाम करताना दुखतं. थांबवू का?

किती दुखतं आणि किती वेळ दुखतं, यावर ते ठरवा.

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, असा आकडा मनाशी धरा. तीन-चारपर्यंत दुखलं तर करत राहा. पाचच्या वर गेलं तर व्यायाम सोडू नका, पण कमी करा: दहाच्या जागी सहा वेळा, किंवा खुर्ची आणखी उंच. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर दुखणं कालच्याइतकंच असेल तर माप बरोबर होतं. गुडघा सुजला असेल, रात्रभर ठणकला असेल, तर काल जास्त झालं. एक दिवस थांबा आणि निम्म्यावरून सुरू करा.

स्नायू दुखणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. नवा व्यायाम केल्यावर मांडी, पोटरी एक-दोन दिवस भरून येते. पहिल्या कोळपणीनंतर अंग दुखतं तसंच ते असतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

आमच्याकडची माणसं दोन टोकांना जातात, हे मी रोज बघते. एक तर खाट धरून बसतात, नाही तर बरं वाटल्याबरोबर एकाच दिवशी महिन्याभराची कामं उरकतात आणि पुढचे चार दिवस झोपून काढतात. थोडं, पण नेमाने.

आमच्याकडे पाऊस चार-चार महिने. चालायला जायचं कसं?

कणकुंबी, जांबोटीच्या पावसात बाहेर चाला असं मी सांगणार नाही. शेवाळलेल्या अंगणात पाय घसरला तर नवीनच दुखणं. घरातल्या सोप्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. तेवढं पुरतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे, पण ते एका दमात गाठायचं नसतं.

शहरातल्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जावं. झाडांची सावली आहे, पायाखाली माती आहे आणि सोबत मिळते. सोबत असली की व्यायाम टिकतो.

चिकुनगुनिया होऊन तीन महिने झाले, अजून बोटं मिटत नाहीत.

२००६ साली कर्नाटकात या तापाची मोठी साथ आली होती. कितीतरी लोकांचा ताप आठवड्यात गेला आणि सांधे महिनोन् महिने धरून राहिले. असं होतं. बहुतेकांचं हळूहळू उतरतं.

सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून पाच-दहा मिनिटं मूठ मिटा-उघडा, मनगट गोल फिरवा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. घोटे पलंगावरूनच वर-खाली करा. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी जोर लावायचा नाही, फक्त हलवायचा. थकवा फार असतो, तेव्हा कामं दिवसभरात वाटून घ्या.

पण दोन्ही हातांची बोटं सुजलेली राहत असतील आणि सकाळचं आखडणं तासाभराहून जास्त टिकत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तासाभराहून जास्त टिकलं तर तो आमवात असू शकतो. तो वेगळा आजार आहे, त्याला वेळेत औषध लागतं, नुसत्या व्यायामाने तो आवरत नाही. आणि ताप चालू असताना, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका.

पाय मुरगळला. हाडवैद्याकडे जाऊन ओढून घेऊ का?

आधी मोडलंय की मुरगळलंय ते कळू द्या. त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडावर मागच्या बाजूने दाबल्यावर जीव जात असेल, तर आधी एक्स-रे. मोडलेलं हाड ओढणं आणि त्यावर काठ्या लावून करकचून बांधणं यामुळे रक्तपुरवठा बंद पडू शकतो. काळी पडलेली बोटं घेऊन आलेला माणूस बघितला आहे मी. हाडवैद्यावरचा विश्वास पिढ्यान् पिढ्यांचा आहे, त्याची चेष्टा मी करत नाही. पण फोटोआधी कुणालाही पाय ओढू देऊ नका.

मोडलेलं नसेल तर पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, दुखत असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. या दिवसांत चोळणं आणि गरम शेक नको, सूज वाढते. पूर्वी आम्हीसुद्धा आठवडे-आठवडे विश्रांती सांगायचो. आता तसं सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाऊल वर-खाली, आत-बाहेर हलवा, पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढा. टेकवता येईल तितका पाय टेकवून चाला. दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरली की एका पायावर उभं राहण्याचा सराव सुरू करा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि मग तोच पाय बांधावर पुन्हा मुरगळतो.

मनगटाचं प्लास्टर निघालं, पण आता खांदाही वर जात नाही. हे कसं?

हे माझ्या आईचं झालं आहे, म्हणून जरा जास्त लिहिते.

ती परसात घसरली, हात टेकून पडली, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तिला सांगितलं गेलं, "हात हलवू नका." तिने ते अक्षरशः पाळलं. हात झोळीत, बोटं मिटलेली, खांदा अंगाला चिकटलेला. त्या वेळी मी शिकत होते, हुबळीला. घरी आले तेव्हा मनगट जुळलं होतं, पण वेणी घालायला हात मागे जात नव्हता. दोन वर्षं शेजारच्या काकूंनी तिची वेणी घातली. तिला कुणी एवढंच सांगायला हवं होतं की मनगट सोडून बाकी सगळं हलवा.

म्हणून लक्षात ठेवा. प्लास्टर असताना पहिल्या दिवसापासून बोटं पूर्ण उघडा-मिटा, तासातासाला दहा वेळा. कोपर प्लास्टरमध्ये नसेल तर तो वाकवा, सरळ करा. दिवसातून तीन वेळा हात झोळीतून काढून खांद्यातून डोक्याच्या वर न्या. हात छातीपेक्षा उंच ठेवा म्हणजे बोटं सुजणार नाहीत. बोटं निळी, गार, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच चाललं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा.

प्लास्टर निघाल्यावर मनगट लाकडासारखं वाटतं. कोमट पाण्यात हात ठेवून हलवा, तळहात वर-खाली फिरवा, ओला नॅपकिन पिळा, कणकेचा गोळा मळा. चपात्या लाटणं हा उत्तम व्यायाम आहे, पण पाणी भरलेली घागर उचलायला अजून काही आठवडे थांबा.

पडले-झडले नाही, तरी खांदा गोठला आहे.

साखर आहे का तपासा. मधुमेह असणाऱ्यांत हा त्रास खूप जास्त दिसतो. आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. याला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आधीच सांगते, म्हणजे दोन महिन्यांत धीर सुटणार नाही. टेबलाला एक हात टेकून पुढे वाका आणि दुखरा हात लंबकासारखा लोंबू द्या, झुलवा. भिंतीवर बोटांनी चढत जा आणि रोज पोचलेल्या जागी पेन्सिलची खूण करा. दुसऱ्याकडून हात जबरदस्तीने वर ओढून घेऊ नका.

कंबर धरली की किती दिवस झोपून राहू?

शक्य तितके कमी. एक-दोन दिवस, तेही अधूनमधून उठून. त्याहून जास्त झोपलात तर कंबर आणखी आखडते. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होत चालली, ताप आहे किंवा वजन कारण नसताना घटतंय, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

पोराचा गुडघा आखाड्यात पिरगळला. जत्रेच्या कुस्तीला तीन महिने आहेत.

पिरगळताना आतून "कट्" असं वाजलं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला असेल, तर आतला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शक्यता मोठी. दाखवून घ्या. ऑपरेशन झालं तर मातीत परतायला किमान नऊ महिने. त्याआधी उतरलेल्या पोरांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो.

वस्ताद रागावतील, पोरगा रडेल. त्याला तालमीपासून तोडू नका. त्याने तिथेच येऊन बसावं, हाताचे, पोटाचे व्यायाम करावेत, दुसऱ्या पायाच्या तोडीस तोड मांडी येईपर्यंत बैठकांना हात घालू नये. सुरुवात अर्ध्या बैठकीपासून, तीही भिंतीला पाठ लावून.

काठी कुठल्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या. उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या रेषेपर्यंत काठीची मूठ यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी वापरायला लाजू नका.

गोळ्या, तेल आणि बाजारातल्या पुड्या?

तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं. जरूर लावा, पण त्यानंतर व्यायाम करा. गोळ्या डॉक्टरांना विचारून. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांना रोजची वेदनाशामक गोळी महागात पडते. आणि नावगाव नसलेली पुडी घेतल्यावर दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटलं, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

दवाखान्यातून मिळालेला कागद वाचताच येत नाही. काय करू?

सीमाभागातल्या आजी-आजोबांची ही खरी अडचण आहे. व्यायामाचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि आजीला मराठी अक्षरंच जेमतेम लागतात. कागद देवघराच्या फळीवर जातो आणि तिथेच राहतो. उठून येण्याआधी म्हणा, "एकदा करून दाखवा, आणि मी करतो ते बघा." नातवाला मोबाइलवर तुमचाच व्हिडिओ काढू द्या, आकडे मराठीत मोजत. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे सहकारी इथे जवळपास सगळ्या दवाखान्यांत असतात, त्यांना हक्काने बोलवा. न कळलेला व्यायाम मान हलवून घरी नेऊ नका.

आषाढीला चालत पंढरपूरला जायचं आहे. गुडघे साथ देतील का?

तीन महिने आधी आलात तर बहुधा हो. वारी गेली कित्येक वर्षं चुकली नाही असं सांगणाऱ्या माणसाला "जाऊ नका" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चैत्रात दिवसाला वीस मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा लांबचा पल्ला, त्याच चपला घालून, तेच ओझं पाठीवर घेऊन. नव्या चपलांनी वारीला निघू नका. मुक्कामाला पोचलात की आडवं होण्याआधी पोटऱ्या ताणा, पाय भिंतीला टेकवून उंच ठेवा. एखाद्या दिवशी गुडघा सुजला तर तो टप्पा गाडीतून करा.

फरक पडायला किती दिवस?

स्नायूत खरी ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि भरवशाची ताकद यायला बारा. दुखणं त्याआधी थोडं उतरतं, पण एकसारखं नाही. मधे एखादा वाईट आठवडा येतोच.

एक करा. आज अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहा. दर रविवारी मोजा, दर रविवारी लिहा. पुढच्या वेळी माझ्याकडे येताना एक्स-रे राहिला घरी तरी चालेल, कॅलेंडर घेऊन या.